मुंग्या कुठे येतात त्यावरून नस कुठे दबली ते ओळखा

करवीर_फिजिओ (धागाकर्ती)

हाताला मुंग्या आल्या की आपल्याकडे पहिला शब्द निघतो 'मणक्यात गॅप'. मग मानेचा एमआरआय होतो, गळ्यात पट्टा येतो, आणि दुखणं असतं मनगटात. हे वारंवार घडतं, म्हणून हा धागा. कुठली बोटं बधिर होतात, कुठल्या वेळी होतात आणि कुठली हालचाल कमी पडते, या ३ गोष्टी नीट सांगता आल्या तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.

आधी रचना, थोडक्यात. मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा. त्यातून नसांच्या १२ जोड्या थेट निघतात. चेहरा, डोळे, कान, जीभ, घसा हे मुख्यतः त्यांच्याकडे. मेंदूपासून खाली मज्जारज्जू, आणि त्यातून ३१ जोड्या: मानेतून ८, पाठीतून १२, कमरेतून ५, त्रिकास्थीतून ५, माकडहाडातून १. प्रत्येक नसेला मज्जारज्जूपाशी दोन मुळं असतात. मागच्या मुळातून संवेदना आत जाते, पुढच्यातून स्नायूंना आज्ञा बाहेर येते.

आता महत्त्वाचं. मानेतल्या खालच्या आणि पाठीतल्या पहिल्या मुळाचे (सी-५ ते टी-१; सी म्हणजे मान, टी म्हणजे पाठ) तंतू सरळ हातात उतरत नाहीत. गळपट्टीच्या हाडामागे आणि काखेत ते एकमेकांत मिसळतात, त्या जाळ्याला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात, आणि तिथून नव्या वाटणीने हाताच्या नसा तयार होतात. त्यामुळे मानेत मूळ दबलं तर बधिरपणाचा नकाशा एक, आणि पुढे हातात नस दबली तर नकाशा दुसरा.

मीडियन नस: अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू. ही मनगटातल्या बोगद्यातून (कार्पल टनेल) जाते. त्या अरुंद जागेत तिच्यासोबत बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या असतात. त्यांच्यावरचं आवरण सुजलं की नसेलाच चेपावं लागतं. खूण: रात्री दोन-तीन वाजता मुंग्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं. अंगठ्याखालच्या तळहाताची कातडी मात्र बधिर होत नाही, कारण तिच्याकडे जाणारी फांदी बोगद्याच्या आधीच फुटून वरून जाते.

अल्नर नस: करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू. कोपराच्या आतल्या हाडामागून जाते, तिथे वर मांसच नाही. फोन कानाला लावून कोपर दुमडलेलं ठेवणं, टेबलाच्या कडेवर कोपर टेकणं, झोपेत हात डोक्याखाली घेणं, यात ती ताणते आणि दबते.

रेडियल नस: दंडाच्या हाडाला मागून वळसा घालते. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोप लागली की सकाळी मनगट लोंबतं, वर उचलत नाही. बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येतं.

घरी करता येण्यासारखी एक तपासणी: डोळे मिटून अनामिकेच्या दोन्ही कडांना कापसाने हलकेच शिवायला सांगा. एक कड स्पष्ट कळते आणि दुसरी बोथट लागते, असं असेल तर गडबड मनगटात किंवा कोपरात असण्याची शक्यता जास्त. मानेतलं मूळ दबलं तर सहसा अख्खं बोट बोथट लागतं.

---

हुपरीकर

लई उपयोगी धागा, ताई. आमच्याकडे चांदीच्या कामात पक्कड आणि चिमटा दिवसभर हातात. तळहाताचा खालचा भाग सतत दाबला जातो. करंगळीला मुंग्या असल्या तर ते कोपरातलं की तळहातातलं, हे कसं ओळखायचं?

---

डॉ_मेंदूमणका

हुपरीकर, हात पालथा करून बघा. करंगळीच्या बाजूची हाताच्या पाठीकडची कातडी पण बधिर आहे का? त्या कातडीची फांदी मनगटाच्या ५ ते ८ सेंटिमीटर वरच फुटते. म्हणून हाताची पाठ बधिर असेल तर दुखणं मनगटाच्या वर, बहुधा कोपरात. पाठ शाबूत आणि फक्त तळहाताची बाजू बोथट असेल तर नस मनगट-तळहाताच्या सांध्यापाशी दबली आहे. पक्कड दाबणाऱ्या कारागिरांत आणि सायकलपटूंत हे दिसतं. आणि बधिरपणा मनगट ओलांडून कोपराच्या आतल्या बाजूपर्यंत चढत असेल तर मानेकडे (सी-८) किंवा छातीच्या वरच्या तोंडाकडे (गळपट्टीच्या हाडामागची अरुंद जागा) बघायला हवं. कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या कातडीची नस वेगळी आहे, ती अल्नरची फांदी नव्हे.

पकडीच्या दांड्याला जाड रबर गुंडाळा, दांडा तळहाताच्या मध्यापर्यंत पोचेल इतका लांब घ्या. आखूड दांड्याचं टोक नेमकं नसेवर बसतं.

करवीर_फिजिओ यांनी मानेबद्दल लिहिलंय त्यात भर. सी-६ मूळ दबलं तरी अंगठा-तर्जनीलाच मुंग्या येतात, म्हणून ते कार्पल टनेलसारखं वाटतं. पण त्यात दंडाची बेटकुळी कमजोर पडते आणि तिथला हातोडीचा झटका (रिफ्लेक्स) मंदावतो. मीडियन नस बेटकुळीकडे फांदीच देत नाही, त्यामुळे ती मनगटात कितीही दबली तरी कोपर वाकवण्याची ताकद कमी होणार नाही. दोन्ही जागी एकाच वेळी त्रास असलेले रुग्णही असतात, तेव्हा एकच उत्तर धरून बसू नये.

---

पंचगंगाकाठ

मनगटाचा पट्टा मेडिकलमधून आणला तर चालतो का? किती दिवस?

---

करवीर_फिजिओ

चालतो, पण एक गोष्ट बघून घ्या. तयार पट्ट्यातली ॲल्युमिनियमची पट्टी बहुतेक वेळा २० ते ३० अंश वर वाकवलेली येते. त्या कोनात बोगद्यातला दाब वाढतो. पट्टी बाहेर काढा, टेबलावर दाबून सरळ करा आणि परत घाला. मनगट हाताच्या रेषेत सरळ राहिलं पाहिजे. रोज रात्री, किमान ६ आठवडे. बोटं मोकळी हवीत, पट्टा आवळून बांधू नका.

सोबत साखर आणि थायरॉईड तपासून घ्या. गरोदरपणातही हा त्रास होतो, बाळंतपणानंतर बहुतेकींचा जातो. अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होऊ लागला, शर्टाचं बटण लावताना बोटं चुकू लागली, तर मात्र पट्ट्यावर वेळ घालवू नका. स्नायू झडायला लागला म्हणजे तंतू मरू लागलेत, ऑपरेशनचा विचार तेव्हाच व्हायला हवा.

---

पंचगंगाकाठ

आणि कमरेचं? रिपोर्टवर 'एल-४ एल-५' लिहिलेलं असतं, म्हणजे नेमकी कुठली नस? घरोघरी हा रिपोर्ट आहे आता.

---

डॉ_मेंदूमणका

याला जरा सविस्तर लिहितो. एल म्हणजे कंबर, एस म्हणजे त्रिकास्थी.

मज्जारज्जू साधारण ४५ सेंटिमीटर लांब, मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली पोकळीत फक्त नसांची मुळं लोंबत खाली जातात, त्या जुडग्याला कॉडा इक्वायना म्हणतात. पाठीतून पाणी काढताना सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये घालतात ती याच कारणाने. तिथे मज्जारज्जू नसतोच. 'पाठीत सुई घातली की पाय जातात' ही भीती मनातून काढून टाका.

आता गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती (डिस्क). कमरेत प्रत्येक नस आपल्याच क्रमांकाच्या मणक्याखालून बाहेर पडते, पण गादीच्या पातळीच्या वरूनच निसटते. त्यामुळे एल-४ एल-५ मधली गादी मागे-बाजूला सरकली की सहसा सापडते ती खाली निघालेली एल-५ नस, एल-४ नाही. गादी अगदी बाहेरच्या कडेला सरकली तरच एल-४ दबते. मानेत हिशोब वेगळा: मणके ७ आणि नसा ८, पहिल्या ७ आपापल्या मणक्याच्या वरून निघतात. म्हणून सी-५ सी-६ च्या गादीने सी-६ दबते.

पायावर ओळखायचं असं:

एल-४: नडगीची आतली बाजू बोथट, गुडघ्याचा झटका मंद.
एल-५: पावलाची वरची बाजू आणि अंगठा बोथट, पायाचा अंगठा वर उचलताना ताकद कमी, टाचेवर चालता येत नाही.
एस-१: करंगळीची कड आणि तळवा बोथट, घोट्याचा झटका गेलेला. एका पायावर उभं राहून टाच १० वेळा उचलायला सांगा, दुबळा पाय मध्येच थांबतो.

रिपोर्ट आणि पाय जुळले तरच रिपोर्टला अर्थ. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांचा एमआरआय केला तरी सुमारे ३० टक्क्यांत गादी फुगलेली दिसते, आणि वयाप्रमाणे हे प्रमाण वाढतच जातं. नुसत्या 'डिस्क बल्ज' या दोन शब्दांवर ऑपरेशन ठरत नाही. गादीने दबलेल्या नसेचा त्रास बहुतेकांचा ६ ते १२ आठवड्यांत बराच उतरतो.

त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं ते यासाठी: लघवी अडणं किंवा कळत नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतली व बसण्याची जागा बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने जाणं. हे कॉडा इक्वायना दबल्याचं लक्षण आहे. इथे तेल-मालीश, पोटीस, सोमवारची ओपीडी, यातलं काहीही नको.

मुंग्या अचानक अंगाच्या एका बाजूला, चेहरा-हात-पाय मिळून आल्या, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर ते मेंदूचं आहे. तंतू बाजू बदलत असल्याने उजवं अंग गेलं तर बिघाड डाव्या मेंदूत. रक्ताची गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. 'शेवटचं ठीक कधी होते' ती वेळ कागदावर लिहून न्या. १०८ ला फोन करा, आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणीच चला असं सांगा.

---

राजारामपुरी_८वी_गल्ली

भांगलणीला दिवसभर उकिडवं बसल्यावर पाऊल लटकण्याचे प्रकार होतात, ते पण कमरेतलंच का?

---

करवीर_फिजिओ

बहुतेक वेळा नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडं खाली, हाताला एक हाडाची गोटी लागते. तिच्या मानेला वळसा घालून पेरोनियल नस जाते, अगदी कातडीखालून. बोटाने दाबून गोल फिरवली तर दोरीसारखी सरकलेली जाणवते. तासन् तास उकिडवं बसणं, पायावर पाय टाकून बसणं, प्लास्टर आवळून बसणं, अचानक १०-१५ किलो वजन उतरणं, यात ती तिथे दबते. चामड्याच्या कामात खाली मांडी घालून बसणाऱ्या कारागिरांनीही याकडे लक्ष ठेवावं.

एल-५ आणि पेरोनियल, दोन्हीत पाऊल वर उचलत नाही. फरक असा काढा: पावलाचा तळवा आतल्या बाजूला वळवायला सांगा आणि हाताने विरोध करा. आत वळवण्याची ताकद चांगली असेल तर नस गुडघ्यापाशी दबली आहे. तीही कमी असेल तर मूळ कमरेत, कारण तो स्नायू एल-५ चा असला तरी त्याची नस टिबियल आहे, पेरोनियल नाही. एल-५ मध्ये एका पायावर उभं राहिल्यावर कंबरही एका बाजूला झुकते.

भांगलताना दर २०-२५ मिनिटांनी उठून चार पावलं चालायचं, किंवा बुटकं स्टूल घ्यायचं. पाऊल लटकत असेल तोवर बुटात घालायचा एल आकाराचा आधार (एएफओ) वापरा, नाहीतर बोट अडखळून पडणं ठरलेलं.

---

तालमीतला_भाऊ

कुस्तीत मान एका बाजूला आणि खांदा दुसऱ्या बाजूला ओढला गेला की हातातून करंट गेल्यासारखी कळ जाते. पोरं हात झटकून परत हौद्यात उतरतात. हे धोक्याचं आहे का?

---

डॉ_मेंदूमणका

भाऊ, एकच हात, काही सेकंद ते मिनिटांत उतरणारी कळ, ती सी-५ सी-६ मुळांना किंवा प्लेक्ससच्या वरच्या भागाला बसलेला हिसका. त्या दिवशी कुस्ती बंद. मान चारही दिशांना न दुखता पूर्ण फिरते, हात बाजूने खांद्यापर्यंत उचलून दाब सहन होतो, कोपर वाकवण्याची ताकद दोन्हीकडे सारखी आहे, एवढं तपासल्याशिवाय परत उतरवायचं नाही. वारंवार होत असेल तर मानेचा एमआरआय करा, मणक्यातली जागा जन्मतः अरुंद असू शकते.

दोन्ही हातांत किंवा पायांतही करंट गेला तर तो मज्जारज्जूचा मामला. पैलवानाला उठवायचं नाही, काखेत हात घालून ओढायचं नाही. एकाने डोकं दोन्ही हातांनी सरळ रेषेत धरून ठेवायचं, फळी येईपर्यंत सोडायचं नाही. वळवायचं तर ३-४ जणांनी अंग एकाच वेळी. श्वासपटलाची नस सी-३, सी-४, सी-५ मधून निघते, त्यामुळे मानेची इजा वर गेली तर श्वासच थांबू शकतो.

याच कारणाने सलूनमध्ये मान कडाकडा मोडून घेणं मला बिलकूल मान्य नाही. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी धमनी मानेच्या सहाव्या ते पहिल्या मणक्याच्या भोकांतून वर जाते. हिसक्याने तिचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे रक्ताची गाठ धरते आणि तरण्या माणसालाही पक्षाघाताचा झटका येतो.

---

कागलची_सिस्टर

मधुमेहाचं राहिलं. त्यात एकच नस दबत नाही, सगळ्यांत लांब तंतू आधी आजारी पडतात. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून, मोज्यासारखी वर चढत; ती गुडघ्याच्या आसपास आली की हाताच्या बोटांची टोकं बोथट होऊ लागतात. एकाच पायाला मुंग्या असतील तर साखरेवर ढकलू नका, दुसरं कारण शोधा.

तपासणी सोपी आहे. १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तळव्याला तो वाकेपर्यंत टेकवायचा, आणि १२८ हर्ट्झचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर ठेवायचा. हे वर्षातून एकदा प्रत्येक मधुमेह्याचं व्हायलाच हवं.

संवेदना गेलेल्या पायात कोल्हापुरी चप्पल घालू नका. आपल्या गावाची शान आहे, तरी हे सांगावंच लागतं. अंगठ्याचा चामडी गोल आणि वरचा पट्टा नवीन असताना कातडी घासतो, नेहमीच्या माणसाला ते टोचतं म्हणून तो चप्पल काढतो. इथे टोचणं कळतच नाही, फोड होतो, जखम हाडापर्यंत जाते. मऊ तळ, मागे पट्टा, पुढे रुंद, असं पादत्राण घ्या. रोज रात्री आरशात तळवा बघा.

बी-१२ पण तपासा. शाकाहार, आणि मेटफॉर्मिनच्या गोळ्या बरीच वर्षं, हे दोन्ही असेल तर नक्कीच. त्याच्या कमतरतेत मज्जारज्जूचा मागचा भागही बिघडतो, अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. मात्र दुकानातून 'नसांच्या गोळ्या' वर्षानुवर्षं आणून खाऊ नका. त्यात बी-६ असतं, आणि ते रोज १०० मिलिग्रॅमच्या वर बराच काळ गेलं तर त्यानेच नसा खराब होऊन मुंग्या येतात. कमी मात्रेवरही असा त्रास झाल्याची नोंद आहे.

---

शेतकी_सल्ला

ऊस आणि भाजीपाल्याच्या फवारणीचं इथेच लिहितो, कारण तेही नसांचंच दुखणं. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधं ॲसिटिलकोलिन (नसेचा निरोप पुढे देणारं रसायन) मोडणारं विकर बंद पाडतात. नस जिथे स्नायूला किंवा ग्रंथीला भेटते तिथे निरोप संपतच नाही: लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, स्नायू कातडीखाली फडफडणं.

कपडे सगळे काढा, हातमोजे घालून. साबण-पाण्याने १५-२० मिनिटं धुवा. केस, काख, नखं विसरू नका. उलटी काढायला लावू नका. औषधाची बाटली लेबलसकट सोबत न्या. ॲट्रोपीन हा उतारा छाती मोकळी होईपर्यंत वाढवत द्यावं लागतं, ते हॉस्पिटलचं काम.

आणि रुग्ण शुद्धीवर येऊन बोलू लागला म्हणून लगेच घरी आणू नका. पहिल्या दिवसानंतर चौथ्या दिवसापर्यंत मानेचे आणि श्वासाचे स्नायू परत ढिले पडू शकतात. उशीवरून डोकं उचलता येतं का, हे नातेवाइकांनी वारंवार बघावं. येत नसेल तर तत्काळ नर्सला सांगा.

---

राजारामपुरी_८वी_गल्ली

थोडं अवांतर. तांबड्या रश्श्याची जळजळ ही चव की वेदना?

---

डॉ_मेंदूमणका

वेदनेचाच मार्ग. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या दरवाजावर (टीआरपीव्ही-१) बसतं, तो एरवी सुमारे ४३ अंशांच्या उष्णतेला उघडतो, म्हणून मेंदूला भाजल्याचाच निरोप जातो. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हा दरवाजा ओळखला, २०२१ चं नोबेल त्यांना आणि आर्डेम पटापूशियन यांना मिळालं. निरोप जातो ट्रायजेमिनल नसेतून, चवीच्या नसा वेगळ्या. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, दूध-दह्यातलं केसीन ते उचलून नेतं. पाणी पिऊन भागत नाही ते त्यामुळे.

---

पंचगंगाकाठ

नर्व्ह कंडक्शन टेस्ट नॉर्मल आली आणि तळपायांची आग तशीच, असं का होतं?

---

डॉ_मेंदूमणका

ती तपासणी नसेतून निरोप किती वेगाने जातो ते मोजते, पण फक्त जाड, वेगवान तंतूंचा. हातात वेग सेकंदाला ५० मीटरच्या आसपास किंवा जास्त, पायात ४० च्या वर अपेक्षित. आग आणि वेदना नेणारे बारीक तंतू सेकंदाला अर्धा ते २ मीटर एवढेच जातात, ते या यंत्रात दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असला तरी त्रास खोटा ठरत नाही.

तपासणीला जाताना हात-पाय गार नकोत. हाताची कातडी ३२ अंशांच्या खाली असेल तर वेग खोटा कमी दिसतो, दर अंशाला साधारण २ मीटरने. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गाडीवरून आलात तर आधी हात कोमट पाण्यात धरा. आणि इजेनंतर सुईची तपासणी (ईएमजी) पहिल्या आठवड्यात करून घेऊ नका, स्नायूतले बदल उमटायला सुमारे ३ आठवडे लागतात.

---

हुपरीकर

शेवटचा प्रश्न. ऊसतोडीत कोयत्याने मनगटापाशी नस तुटली तर परत जोडून किती दिवसांनी बोटाला कळतं?

---

करवीर_फिजिओ

स्वच्छ कापलेली नस पहिल्या काही दिवसांतच शिवली तर निकाल चांगला. वरून कातडीला टाके घालून घरी पाठवलं असेल, तरी बोटाचं टोक सुईने टोचून बघा. बोथट लागत असेल तर हाताच्या सर्जनला दाखवा.

शिवल्यावर तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला ३ सेंटिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत १८-२० सेंटिमीटर धरले तर ६-७ महिने, सुरुवातीचे काही आठवडे वेगळे. संवेदना उशिराही येते, पण स्नायूला १२ ते १८ महिन्यांत नस पोचली नाही तर तो परत कामाला लागत नाही. म्हणून जखम जितकी वर, तितकी घाई जास्त.

प्रगती मोजायची रीत: टाक्यांपासून बोटाकडे नसेच्या रेषेवर बोटाने हलके टकटक करत जायचं. जिथे टकटक केल्यावर बोटात झिणझिणी उठते ते सगळ्यांत पुढचं ठिकाण पेनाने खूण करून टाक्यांपासूनचं अंतर तारखेसह वहीत लिहायचं. दर महिन्याला ही खूण पुढे सरकली पाहिजे. ३ महिने एकाच जागी अडली तर वही घेऊन सर्जनकडे जा. आणि तोवर त्या हाताने कुकर, तवा, बंब यांना हात लावू नका, बिडी-सिगारेट धरू नका. भाजलेलं कळणार नाही.